शोर्यूकेनची किंमत

पांढऱ्या कराटेच्या पोशाखातला एक तरुण किंचित खाली वाकतो आणि मूठ आभाळाकडे रोखून गिरकी घेत उसळतो. समोरून उडी मारून आलेला प्रतिस्पर्धी त्या मुठीवर आपटतो आणि मागे फेकला जातो. ‘स्ट्रीट फायटर’ या व्हिडिओ गेमच्या मालिकेतल्या रियूचा हा ‘शोर्यूकेन’. १९८७ साली तो पहिल्यांदा पडद्यावर आला आणि २०२३च्या ‘स्ट्रीट फायटर ६’मध्येही आहे. मधल्या छत्तीस वर्षांत चित्रकार बदलले, यंत्रं बदलली, सपाट चित्रांच्या जागी त्रिमितीय शरीरं आली, तरी अंधुक फोटो दाखवला तरी कुणीही ओळखेल इतका हा डाव दिसायला तसाच राहिला आहे.

खेळायला बसलं की मात्र वेगळंच कळतं. एका आवृत्तीत जिंकून देणारा शोर्यूकेन पुढच्या आवृत्तीत त्याच जागी, त्याच वेळी मारला तर हरवतो. दिसणं कायम ठेवून निर्मात्यांनी दर वेळी बदलली ती त्याची किंमत: अडचणीतून सुटण्यासाठी खेळाडूनं काय मोजायचं? या एका प्रश्नाला प्रत्येक आवृत्तीनं निराळं उत्तर दिलं आहे.

ही किंमत पडद्यावर सहसा दिसत नाही. फायटिंग गेम सेकंदाला ६० चित्रांच्या वेगानं चालतो. त्यातलं एक चित्र म्हणजे एक फ्रेम. कुठल्याही डावाचे तीन भाग असतात: तयारीच्या फ्रेम, फटका लागू शकतो त्या फ्रेम, आणि नंतर सावरण्याच्या फ्रेम. त्याशिवाय प्रत्येक पात्राच्या अंगावर न दिसणारे चौकोन असतात. काही चौकोन मारणारे, काही मार खाणारे. एकाचा मारणारा चौकोन दुसऱ्याच्या मार खाणाऱ्या चौकोनाला शिवला की फटका बसला. शोर्यूकेनची खरी जादू अशी, की त्याच्या सुरुवातीच्या काही फ्रेममध्ये रियूच्या अंगावरचे मार खाणारे चौकोन काढूनच टाकलेले असतात. समोरच्याचा पाय त्याच्या छातीतून आरपार गेलेला दिसतो, पण लागत नाही. खेळाडू याला ‘इन्व्हिन्सिबल’ म्हणतात. मराठीत अभेद्य म्हणू.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. मूठ हुकली किंवा समोरच्यानं ती अडवली, तर रियू हवेतून सावकाश खाली येत राहतो. त्या वेळात तो ना अडवू शकतो, ना मारू शकतो. क्रीज सोडून पुढे आलेल्या फलंदाजाचा चेंडू चुकला तर यष्टिरक्षकाला जेवढी घाई लागते, तेवढीही इथे समोरच्याला लागत नाही. तो निवांत त्याला हवा तो महागडा हल्ला निवडतो.

हा डाव करण्याची रीतही हुशारीनं ठरवलेली आहे. यंत्राची काठी, म्हणजे जॉयस्टिक, पुढे, मग खाली, मग तिरकी पुढे-खाली, आणि लगेच ठोशाचं बटण. या खेळांत अडवायचं असेल तर काठी मागे, म्हणजे प्रतिस्पर्ध्यापासून दूर, धरावी लागते. शोर्यूकेनची पहिलीच हालचाल पुढे आहे. म्हणजे डाव सुरू करण्याआधी ढाल खाली ठेवावी लागते. याच मालिकेतला अमेरिकन सैनिक गाइल घ्या. त्याची हवेत कोलांटी मारणारी लाथ काठी खाली धरून ठेवून मग वर ढकलून लाथेचं बटण दाबलं की निघते, आणि ती तिरकी मागे-खाली धरली तर वाट पाहताना तो अडवतही असतो. रियूला ती चैन नाही.

१९८७च्या पहिल्या ‘स्ट्रीट फायटर’मध्ये ही किंमत जवळपास हास्यास्पद होती. कॅपकॉमच्या ताकाशी निशियामा यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि हिरोशी मात्सुमोतो यांनी आखलेल्या या गेमच्या एका मोठ्या यंत्रावर बटणांऐवजी दोन रबरी गाद्या होत्या. जितक्या जोरात गादीवर ठोसा, तितका पडद्यावरचा ठोसा जोरकस. हाताला आणि यंत्राला दोघांनाही जाच. पुढे सहा बटणांचं यंत्र आलं आणि तीच मांडणी या मालिकेची ओळख बनली. खास डाव कसे करायचे हे यंत्रावर लिहिलेलं नव्हतं. ते गुपित होतं, आणि गुपित कळलं तरी काठीच्या हालचालीची वेळ इतकी काटेकोर पाळावी लागे, की दहा वेळा प्रयत्न करावा आणि एखादा शोर्यूकेन निघावा. पण निघाला की काय! एखाद-दोन नीट बसले की फेरी संपलीच. लॉटरीच होती ती, आणि लॉटरीवर चांगला खेळ उभा राहत नाही.

त्या बेबंद ताकदीचं स्मारक मात्र कथेत राहिलं. पहिल्या गेमचा शेवटचा प्रतिस्पर्धी थायलंडचा मुष्टियोद्धा सगट. दुसऱ्या भागात तो परतला तेव्हा त्याच्या छातीवर एक लांब, तिरका व्रण होता. मालिकेच्या कथेप्रमाणे तो रियूच्या शोर्यूकेनचा. सगटनंही स्वतःचा वर उसळणारा ठोसा कमावला होता. पहिल्या गेममधली नियमांची गडबड अशी पात्राच्या अंगावर कायमची कोरली गेली.

१९९१च्या ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये अकिरा निशितानी आणि अकिरा यासुदा यांनी सूत्रं हाती घेतली. त्यांनी काठीच्या हालचालीची सक्ती सैल केली आणि फटक्याची ताकद माणसांत आणली. सरावानं हवा तेव्हा निघेल, पण एका दणक्यात सामना संपवणार नाही असा शोर्यूकेन तयार झाला. इथपासून तो लॉटरी उरला नाही. खेळाडूच्या निर्णयाचा भाग झाला.

त्याची खरी जोडी जमली ती हादोकेनशी, म्हणजे रियू दोन्ही तळहातांतून सोडतो त्या निळ्या गोळ्याशी. दूर उभं राहून रियू गोळा सोडतो. समोरच्यानं अडवला तरी थोडं नुकसान होतंच, म्हणून तो कधीतरी गोळ्यावरून उडी मारतो. हवेत असताना त्याला अडवता येत नाही, आणि खाली रियू शोर्यूकेन घेऊन उभा. म्हणजे गोळा प्रश्न विचारतो आणि चुकीच्या उत्तराची शिक्षा मूठ देते. फायटिंग गेमच्या विचारपद्धतीचा बराचसा पाया या दोन डावांत आहे, असं मी बेधडक म्हणेन. पुढच्या तीस वर्षांत शेकडो पात्रांना गोळा आणि वर उसळणारा ठोसा अशी जोडगोळी मिळाली ती याच नमुन्यावरून.

अर्थात हे सगळं आधी कागदावर आखलं होतं असं नाही. एका फटक्याला दुसरा जोडून मारायचा ‘कॉम्बो’ हा प्रकारच निर्मात्यांच्या योजनेत नव्हता. निर्माते नोरिताका फुनामिझु यांना मोटार फोडण्याच्या बोनस फेरीत चाचणी करताना दिसलं, की वेळ नेमकी साधली तर एकामागून एक जादा फटके बसतात. हे इतकं अवघड आहे की कुणाला फारसं जमणार नाही, अशा समजुतीनं त्यांनी ते तसंच राहू दिलं. खेळाडूंनी ते आत्मसात केलं, आणि जमिनीवरच्या फटक्याला जोडून शोर्यूकेन मारणं हा तर धडाच बनला. सुटकेचा डाव आता हल्ल्याचाही झाला.

‘स्ट्रीट फायटर २’च्या पहिल्या आवृत्तीत रियू आणि त्याचा अमेरिकन मित्र केन यांच्यात केसांचा आणि कपड्यांचा सोडला तर फरक नव्हता. १९९२च्या ‘चॅम्पियन एडिशन’पासून त्यांची फारकत सुरू झाली. केनचा शोर्यूकेन जास्त पुढे झेपावणारा, रुंद कमानीचा झाला. रियूचा सरळ वर जाणारा राहिला. १९९३च्या ‘सुपर स्ट्रीट फायटर २’मध्ये केनच्या जोरदार शोर्यूकेनला आग लागली आणि तो एकाऐवजी अनेक फटके देऊ लागला. १९९४च्या ‘सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बो’मध्ये लढताना हळूहळू भरत जाणारी पट्टी, म्हणजे मीटर, पूर्ण भरल्यावर सुटणारे सुपर डाव आले तेव्हा वाटणी पक्की झाली: रियूला मोठा हादोकेन, केनला ओळीनं शोर्यूकेन मारत पुढे सरकणारा ‘शोर्यूरेप्पा’. एकाच गुरूच्या दोन शिष्यांपैकी एक संयमी आणि दुसरा भडक, हे स्वभाववर्णन संवादांतून आलेलं नाही. ते मुठीच्या कमानीतून आलं आहे, आणि मला ते कुठल्याही कथानकापेक्षा जास्त पटतं.

इथे थोडं आडवळण घेतो. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या गल्लीबोळांतल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये टोकन घेऊन खेळलेल्यांना ‘द किंग ऑफ फायटर्स ९७’ आठवत असेल. भारतात तो तुफान चालला. त्यातल्या क्यो आणि इओरी या दोघांचा ‘ओनियाकी’ हा वर उसळणारा आगीचा फटका काठीच्या त्याच हालचालीनं निघतो: पुढे, खाली, तिरकी. नक्कल म्हणून नाक मुरडण्याचं कारण नाही. पहिला ‘स्ट्रीट फायटर’ झाल्यावर निशियामा आणि मात्सुमोतो कॅपकॉम सोडून एसएनके या प्रतिस्पर्धी कंपनीत गेले, आणि ‘फेटल फ्युरी’पासून पुढचं बरंच काही तिथे घडलं. शोर्यूकेनचे जनकच शेजारच्या घरी राहायला गेले होते. मूळ ‘स्ट्रीट फायटर’ला हात न लावताही शोर्यूकेनचे हातवारे बोटांत बसलेली एक आख्खी पिढी आपल्याकडे आहे, ती अशी.

१९९७ साली ‘स्ट्रीट फायटर ३’ आला आणि त्यानं या डावाच्या मुळावरच घाव घातला. फटका बसण्याच्या नेमक्या क्षणी काठी पुढे ढकलली तर तो झटकून टाकता येईल, असा ‘पॅरी’ नावाचा नवा नियम आला. पॅरी हवेतही चालतो. म्हणजे उडी मारून येणारा माणूस आता असहाय नाही. रियू खाली शोर्यूकेन घेऊन उभा आहे हे ओळखून तो मुद्दाम उडी मारू शकतो, मूठ झटकून टाकू शकतो, आणि मग हवेत अडकलेला रियू त्याच्या तावडीत. गोळा तर सहजच झटकला जातो, त्यामुळे प्रश्न आणि शिक्षा ही जुनी जोडीही ढिली पडली. कुठल्या मूठभर फ्रेममध्ये समोरचा काय करेल, याचा आडाखा दोघांनी बांधत बसायचं.

पॅरीची कीर्ती पसरली ती २००४च्या कॅलिफोर्नियातल्या ‘ईव्हो’ स्पर्धेतून. केनला घेऊन खेळणारा दाइगो उमेहारा, आणि चुन-ली हे पात्र घेऊन अमेरिकेचा जस्टिन वाँग. उमेहाराच्या केनमध्ये एवढीशीच जान उरलेली, नुसता अडवलेला फटकाही जीव घेईल अशी. वाँगनं १५ लाथांचा सुपर डाव सोडला आणि उमेहारानं पंधराच्या पंधरा लाथा झटकून टाकत सामना फिरवला. ती चित्रफीत आजही लोक पाहतात.

तिसऱ्या भागाच्या सुरुवातीच्या काळातच शोर्यूकेनची किंमत पहिल्यांदा रोखीत आली होती. १९९७च्याच ‘सेकंड इम्पॅक्ट’ या पुढच्या आवृत्तीत मीटरचा थोडा भाग खर्चून कुठल्याही खास डावाचं जास्त ताकदवान ‘ईएक्स’ रूप काढता येऊ लागलं. तोवर शोर्यूकेन फुकट होता. धोका पत्करला की झालं. आता स्वस्त आणि महाग असे दोन शोर्यूकेन झाले. ही कल्पना तेव्हा किरकोळ वाटली असेल, पण पुढची सगळी भांडणं तिच्यावरूनच झाली.

२००८च्या ‘स्ट्रीट फायटर ४’ची निर्मिती कॅपकॉमनं डिम्प्स या कंपनीबरोबर केली. डिम्प्सचे संस्थापक ताकाशी निशियामा. पहिल्या भागानंतर घर सोडलेला माणूस वीसेक वर्षांनी असा मागच्या दारानं परतला. आणि शोर्यूकेन पुन्हा राजा झाला, जरा जास्तच. काठीची हालचाल खूप सोपी केली होती. तिरकी पुढे-खाली दोनदा दाबली तरी डाव निघे. तीन फ्रेममध्ये, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या भागात फटका. डोळ्यांनी पाहून हात हलायला माणसाला सहसा बारा ते पंधरा फ्रेम लागतात, तेव्हा ते बघून अडवणं शक्यच नाही. वर आणखी एक पळवाट: मीटरचे चारपैकी दोन भाग खर्चले, तर शोर्यूकेन अडवला गेला तरी हवेत जाण्याआधीच तो मोडून ‘फोकस’ नावाच्या पवित्र्यात जाता येई आणि तिथून झेप घेऊन सुटता येई. शिक्षाच रद्द! लागला असेल तर त्याच वाटेनं भला मोठा ‘अल्ट्रा’ डाव जोडायचा.

परिणाम काय झाला, तर जमिनीवर पडलेला माणूस उठताना डोळे मिटून शोर्यूकेन मारू लागला. बसला तर बसला, नाही तर मीटर आहेच. हल्ला करणाऱ्यानं हुशारीनं कोंडलेला सापळा असा एका झटक्यात फुटायला लागला, की कोंडण्यात अर्थ उरत नाही. २०१४च्या ‘अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४’नं शेवटी लगाम घातला: अडवलेल्या शोर्यूकेनमधून असं पुढे झेपावून सुटणाऱ्याच्या माथी ५ फ्रेमचा तोटा मारला. पाच फ्रेम कानाला क्षुल्लक वाटतात, पण समोरच्याच्या जलद ठोशाला तेवढ्या पुरतात. दोन भाग मीटर गेलं आणि वर मारही खावा लागतो म्हटल्यावर उठता-उठता डोळे मिटणाऱ्यांची संख्या आपोआप घटली.

२०१६चा पाचवा भाग मग दुसऱ्या टोकाला गेला. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये आलेल्या दुसऱ्या सत्राच्या नियमबदलांत साध्या शोर्यूकेनचा सर्वांगी अभेद्यपणा काढून घेतला. हवेतून येणाऱ्याविरुद्ध तो उपयोगी राहिला, पण जमिनीवरच्या कोंडीतून सुटायचं तर मीटर मोजून ‘ईएक्स’ मारा. हुकला तर सावरताना बसणारा जोरदार फटका ‘क्रश काउंटर’ धरला जाई, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त मार. हिशेब म्हणून हे चूक नव्हतं. आक्रमणाला वाव द्यायचा तर बचावाची फुकटची दारं बंद करावीच लागतात. पण रियूकडे या दाराशिवाय फारसं दुसरं काही नव्हतं. मालिकेचा नायक पुढची काही वर्षं दुबळ्या पात्रांत गणला गेला. एक कलम बदललं की ज्याचं पूर्ण घर त्या कलमावर उभं आहे त्याचं काय, याचा विचार त्या सत्रात कमी पडला, असं माझं मत आहे.

सगळ्याच पात्रांचे डाव असे फक्त आतून बदलले नाहीत, हेही सांगायला हवं. याच मालिकेतला भारतीय योगी धालसिम, ज्याच्या मुलाचं नाव कॅपकॉमनं चक्क ‘दत्ता’ ठेवलं आहे, त्याचा ‘योगा फायर’ हा आगीचा गोळा १९९१पासून सरळ रेषेत जायचा. पाचव्या भागात तो कमानीत वर जाऊन खाली पडू लागला. दिसणं आणि वागणं दोन्ही बदललं, आणि जुने धालसिमवाले हवालदिल झाले. सहाव्या भागात सरळ गोळा परत आला आणि कमानीचा गोळा ‘योगा आर्च’ या वेगळ्या नावानं शिल्लक राहिला. शोर्यूकेनच्या बाबतीत असा प्रयोग करायचं धाडस कॅपकॉमनं आजवर केलेलं नाही. त्याची कमान किती रुंद, फटके किती, अभेद्य फ्रेम किती हे सगळं हलवतात. मूठ वर जाते, ही गोष्ट हलवत नाहीत.

२०२३च्या ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये मागच्या तिन्ही प्रयोगांचं व्यवहारी मिश्रण आहे. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला सहा खणांचा ‘ड्राइव्ह’ मीटर भरलेलाच मिळतो. त्यातले दोन खण मोजले की पूर्ण अभेद्य ‘ओव्हरड्राइव्ह’ शोर्यूकेन. म्हणजे मीटर कमवायला थांबावं लागत नाही, सुटका पहिल्या क्षणापासून खिशात आहे. पण सहाही खण संपले तर ‘बर्नआउट’ होतो आणि मग बराच वेळ बचाव लंगडा पडतो. उधळ्याला आजच्या सुटकेची किंमत उद्या मोजावी लागते. पॅरीही आहे, पण त्याच मीटरमधून.

याहून मोठा बदल काठीच्या हालचालीत झाला. ‘मॉडर्न’ नावाच्या नियंत्रणपद्धतीत पुढे दाबून एक बटण दाबलं की शोर्यूकेन. छत्तीस वर्षं जपलेला तो वळसा नाही, गुपित नाही, बोटांना फोड नाहीत. उडी मारणारा दिसला की अर्धा क्षण आधी हात पोचतो, कारण बोटांना करायचं काम एकच. बदल्यात अशा सोप्या पद्धतीनं काढलेला डाव ८० टक्केच मारतो. जुन्या जाणत्यांनी यावर बरीच आदळआपट केली. मला हा सौदा प्रामाणिक वाटतो. १९८७ साली हात हलवता येणं हीच किंमत होती, १९९१ साली धोका ही किंमत झाली, मग मीटर आलं. आता पहिल्यांदा खेळाडूलाच विचारलं आहे की कौशल्यात मोजणार की नुकसानीत. उमेहारासारख्यांचं यानं काही अडत नाही, आणि नव्या माणसाला पहिल्याच संध्याकाळी कधी मारायचं याचा विचार करता येतो, कसं मारायचं याचा नाही. या खेळातली खरी मजा ‘कधी’मध्ये आहे.

ज्यांना हे सगळं वाचून पडताळून पाहावंसं वाटेल, त्यांच्यासाठी कॅपकॉमनं २०१८ साली ‘थर्टीएथ अॅनिव्हर्सरी कलेक्शन’ काढलं आहे. १९८७च्या पहिल्या भागापासून तिसऱ्या भागाच्या शेवटच्या आवृत्तीपर्यंतचे बारा गेम त्यात मिळतात. पहिला भाग लावा आणि एक शोर्यूकेन काढून दाखवा. मग सहावा लावून ‘मॉडर्न’वर तोच डाव करा. कुठला महाग पडला ते तुम्हीच ठरवा.